गार चहाचं मडकं

भूमच्या स्टँडवर एसटी सुटता सुटता आईनं खिडकीतनं एक मडकं माझ्या मांडीवर दिलं आन् म्हणाली, "पुण्याचे लोक चहा उकळून उकळून मारतात म्हणं. तू आपला गारच कर." आमच्या ह्यांना कारखान्यात काम लागलं होतं. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. जो तो पुण्या-मुंबईची वाट धरत होता.

आमचा चहा लई सोपा. पहाटे रानात जायच्या आधी चहापत्ती फडक्यात सैल बांधून मडक्यातल्या पाण्यात सोडायची, भवती ओलं पोतं गुंडाळायचं. दुपारी फडकं काढायचं. पिळायचं न्हाय, कडू होतो. गुळाचं पाणी घालायचं. जळण वाचतं, जीव थंड होतो.

पुण्यात हे कुणाला सांगता? घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात मडकं उचलून मोरीत ओतलं. "अहो, फडकं भिजत पडलं होतं, घाण पाणी!" वर मलाच चहा शिकवायला बसल्या. त्यांचा चहा स्टोव्हवर रटारटा शिजायचा, वर साय धरायची, आन् कप एवढासा, की पाहुण्यानं ओठ ओले करावेत न् उठावं. म्हणं आम्ही अडाणी! आमचे हेसुद्धा त्यांच्यातलेच झाले. "सोड ते. लोक हसतात." मी नेसायची रीत बदलली, 'व्हय'चं 'हो' केलं. मडकं तेवढं सोडलं न्हाय. ते गेलं तर माझ्यात गावाकडचं उरणार काय?

एका उन्हाळ्यात धाकटा भाऊ आला, घामाघूम. मी मोठ्या दिमाखात पेला पुढं केला. एक घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं.

"आक्का, पुण्यात दूध मिळत न्हाय व्हय?"

"आरं, आपला चहा हाय हा!"

"आपला कुठला? स्टँडवर हाटेल झालंय. आता आई बी दुधाचाच पिती. हे कोण पितंय!"

आई बी! म्हणजे ज्याच्यासाठी मी मालकीणबाईंशी भांडले, नवऱ्याचं ऐकलं न्हाय, ते तुम्ही गावाकडचे केव्हाच टाकून मोकळे. बशीतलं गोडमिट्ट पाणी फुर्र फुर्र ओढता आन् त्याला सुधारणा म्हणता. मालकीणबाईंनी निदान माझ्या डोळ्यांदेखत ओतलं. तुम्ही तर कळवलंसुद्धा न्हाय.

भावाचा उरलेला पेला मीच उचलून पिऊन टाकला, त्याच्यासमोर.

तेव्हापासून लग्नाला, मयतीला गावाकडं जाते. घरी जाते, असं मात्र म्हणत न्हाय. घर माझं इथं, भाड्याच्या ह्या खोलीत. तुम्ही खुशाल या. चहा माझ्या हातचा प्यावा लागेल.