उन्हाळ्यात काढलेला नकाशा

घराभोवतीची बाग व्यावसायिकाकडून आखून घ्यायची असेल, तर जागेविषयी कोणती माहिती त्याच्या हाती द्यावी? हा प्रश्न मी स्वतःला विचारला तो उशिरा. तोवर माझ्या आवारात दोन डंपर मुरूम पडला होता.

मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आणि शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत घर बांधले. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षे. दिवाळीत राहायला गेलो, म्हणजे त्या जागेवर माझा एकही पावसाळा गेलेला नव्हता. पत्नीला बाग हवी होती आणि मला ती पद्धतशीर हवी होती, म्हणून उद्यानरचनेचे शिक्षण घेतलेल्या एका बाईंना कल्याणहून बोलावले. नाक्यावरच्या दुकानदाराने विचारलेच, "झाडं लावायला पन शिकलेली मानसं लागतात होय, गुरुजी?"

बाई आल्या तेव्हा नकाशा तयार होता. आलेखाच्या कागदावर काढलेला, प्रत्येक बाजू टेपने मोजलेली, उत्तर दिशा होकायंत्राने ठरवलेली. त्यांनी एक प्रश्न मात्र दोनदा विचारला, "सर, पावसाचं पाणी कुठे जातं?" पाण्याची दिशा दाखवायला नकाशावर काढलेल्या बाणावर मी बोट ठेवले. पूर्वेला, रस्त्याच्या गटाराकडे. गटार त्या बाजूला होते, तेव्हा पाणीही तिकडेच जात असणार, असे मी धरून चाललो होतो. मास्तरांनी काढलेला नकाशा म्हणून बाईंनीही तो मान्य केला.

पश्चिमेच्या कुंपणालगत गुडघाभर खोल, लांबट सखल पट्टा होता. तो दक्षिणेच्या माळापासून उत्तरेकडे ओहोळापर्यंत जाई. चैत्रात शेजारच्या ताईंनी त्यातला पालापाचोळा नेऊ का म्हणून विचारले होते. भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमीन भाजतात, त्या राबासाठी त्यांना पाला लागे. "दरसाल नेतो आमी," त्या म्हणाल्या होत्या. मी उदारपणे परवानगी दिली. बाईंच्या आराखड्यात त्या पट्ट्यावर मुरूम, वर माती आणि फुलझाडांचा वाफा होता.

ज्येष्ठातल्या एका दुपारी भराव पुरा होत आला. बाई, एक गवंडी आणि दोन मजूर कामावर होते. ताई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, हे बुजवलंत?"

"खड्डा होता, ताई. तिथे फुलं येतील."

"खड्डा नाय तो! सगल्या मालाचं पानी त्यातनं जातं. आता ते माज्या कुडात शिरंल. कुडाला लागून कणगी हाय माजी, बियाण्याचं भात हाय तिच्यात."

त्यांचे घर आमच्या पश्चिमेला होते. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा लेप. अशा भिंतीच्या पायाशी पाणी साचले, तर काय होईल हे समजायला शिक्षण लागत नाही. तरीही मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "उतार पूर्वेला आहे. हे पाहा, मोजून काढलंय."

त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. "मोजलंत कवा? उन्हाल्यात ना? मग त्यात उन्हालाच असनार!"

मजूर हसले. बाई हसल्या नाहीत. "सर, उंची घेतली होती ना?"

मी लांबी-रुंदी घेतली होती. समोच्च रेषा मुलांना आयुष्यभर शिकवल्या आणि स्वतःच्या आवारात एकदाही उंची तपासली नव्हती. "नाही," मी म्हणालो. माहुलीच्या डोंगराच्या बाजूने आभाळ काळे होऊ लागले होते.

गवंड्याने पारदर्शक नळी काढून पाण्याने भरली. एक टोक त्याने रस्त्याकडे धरले, दुसरे मी कुंपणाशी धरले. नळीतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहते, म्हणून जिथे ते जमिनीपासून अधिक उंच दिसते तिथली जमीन सखल. टेप लावला. माझ्याकडचे पाणी फूटभर अधिक उंच होते. उतार पश्चिमेला होता.

"उकरा," बाई म्हणाल्या आणि ओढणी कमरेला बांधून त्यांनी घमेले उचलले.

"वरनं नको, ओहोलाकडनं उकरत या," ताई ओरडल्या आणि स्वतःचे फावडे घेऊन आल्या. तासाभराने दोन हात भराव उरला होता आणि पाऊस कोसळला. माळावरचे पाणी त्या उरलेल्या भरावाला अडले, वळले आणि कुंपणाखालून त्यांच्या जोत्याला लागले. ताई घरात धावल्या. त्यांच्यामागे मीही गेलो. कणगी दोघांना हलेना. कुडाच्या तळाचा लेप माझ्या हाती ओला निघून आला. आता कणगी फोडून भात वर काढावे, एवढेच उरले होते. ताईंनी कोयता उचललाही. तेवढ्यात बाहेरून गवंड्याची हाक आली, "फुटलं! फुटलं!"

उरलेला भराव फुटून पाणी ओहोळाकडे निघाले आणि जोत्यापासून हळूहळू उतरले. ताईंनी कणगीच्या बुडाशी हात घालून मूठभर भात काढले आणि तोंडाशी नेऊन फुंकर मारली. ते कोरडे होते.

"उद्या लिंपायला या, गुरुजी," त्या म्हणाल्या. "शेन मी देते."

मी गेलो. बाईंनी आराखडा बदलला. पट्टा मोकळा ठेवला, कडेला दगड लावले आणि दरसाल त्यातला पाला ताईंनीच काढावा असे कागदावर लिहिले. तो पाला देऊन मी उपकार करतो आहे, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात दरसाल माझ्या जागेतले पाणी वाहते ठेवण्याचे काम त्या करत आल्या होत्या.

तेव्हा आराखडा करणाऱ्याला लांबी-रुंदीबरोबर उंचीही द्यावी आणि सखल बाजूला राहणाऱ्या माणसाला आधी विचारावे, असे माझे उत्तर आहे. पण ते एकाच जागेवरून काढलेले आहे. कृपया माझ्या शब्दावर विसंबू नका. नळीत पाणी भरा आणि आपापल्या आवारात स्वतः तपासून पाहा.