शेवटची मासोळी

आमिषाच्या डब्यातली शेवटची मासोळी धरताना बोटांना तो बुळबुळीत स्पर्श झाला, आणि मला माझ्या लग्नानंतरचा पंधरवडा आठवला. दौंडजवळ भीमेच्या याच काठावर सासरे मला शिंगाळा मासा धरायला घेऊन आले होते.

"मासोळीच्या पाठीतून गळ वरच्यावर टोचा, जावईबापू. आमिष पोहत राह्यलं, तरच शिंगाळा येतो."

मी गळ खोल घातला आणि मासोळी मेली.  लाजेनं ते लपवायला दोरीला हलके झटके देत तिला पाण्यात नाचवत बसलो.

घटकाभरानं ते म्हणाले, "मेलेलीला किती नाचवताय? आना हिकडं."

त्यांचं आमिष मासा ओढून गेला होता. डब्यात एकच जिवंत मासोळी होती. ती त्यांनी माझ्या गळाला लावली आणि स्वतःचा गळ रिकामाच पाण्यात सोडला. म्हातारा आमिष लावायला विसरला, असं वाटून मला मनातल्या मनात हसू आलं होतं.

आज रांजणगावच्या कंपनीतून सुट्टी काढून आलेला माझा नवा जावई शेजारी मेलेली मासोळी नाचवतोय. मी हातातली जिवंत मासोळी त्याच्या गळाला लावली.

"मामा, तुमच्या गळाला तर काहीच न्हाई!"

"असू द्या," मी म्हणालो आणि रिकामा गळ पाण्यात सोडला. "बसा निवांत."