उत्तर देणारं गाव

आमच्या गावात भाषण करायला येणाऱ्याला मी आधीच सांगते, प्रश्न जपून विचारा. इथं उत्तर मिळतं.

साताऱ्यापासून एस्टीनं तासाभरावरचं हे गाव. बहुतेक घरांतून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं. पेन्शनीवर आलेल्या माणसांनी पलटणीतली एक सवय गावाला लावली, ती अशी की सभेत कुणी काही विचारलं तर मान खाली घालून बसायचं नाही. उठायचं, ताठ उभं राहायचं, उत्तर द्यायचं आणि बसायचं. आता बायकाही तेच करतात. बाहेरच्या पुढाऱ्यांची त्यामुळं पार फजिती होते. एका उमेदवारानं हात उंचावून विचारलं होतं, "सांगा मला, गेल्या पाच वर्षांत त्यांनी तुमच्यासाठी काय केलं?" लोकांनी सांगितलं की. गटार केली, शाळेचा पत्रा बदलला, स्मशानाकडं दिवे लावले. एकेक जण उभा राहून सांगत होता. विरोधकांचं एवढं कौतुक त्यांच्या स्वतःच्या सभेतही झालं नसेल.

मी तेव्हा पोट धरून हसले होते. आणि तरी गेल्या वर्षी त्याच खड्ड्यात पडले.

मी बोलायला शिकले ती पत्रकांवरून. अब्बांचं साताऱ्यात स्टँडच्या मागं हँडबिलं छापायचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथं बसून क्लासची, सेलची, मोर्चांची पत्रकं वाचायची. पुढं लिहायलाही लागले. पत्रकाचं तंत्र मला आजही आवडतं. पहिल्या ओळीत प्रश्न टाकायचा, 'किती दिवस सहन करायचं?' मग एकच शब्द तीनदा आपटायचा. 'मी' खोडून 'आपण' करायचं. शहाणी माणसं याला शब्दांचे खेळ म्हणून नाकं मुरडतात. त्यांना गप्प बसलेल्या लोकांसमोर कधी उभं राहावं लागलेलं नसतं. फक्त एक भानगड आहे, कागदाला कुणी उलट बोलत नाही.

झालं असं, की साताऱ्याहून येणारी संध्याकाळची गाडी डेपोनं बंद केली. 'भारमान नाही,' म्हणजे सीटा भरत नाहीत, एवढंच कारण दिलं. कॉलेजच्या पोरींना मग वडापच्या, म्हणजे सीटा भरल्या की सुटणाऱ्या खाजगी जीपनं फाट्यापर्यंत यायचं आणि पुढं उसातून जाणाऱ्या रस्त्यानं घरापर्यंत चालायचं, एवढंच उरलं. घराघरांत कुजबुज सुरू झाली. आमच्या शेजारची पोर तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे आजोबा रिटायर सुभेदार, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा अजून काही बोलले नव्हते, पण रोज अंधार पडताना उंबऱ्यात येऊन उभे राहत होते.

समाजमंदिरात सभा भरली. मी भाषण पाठ करून गेले होते.

"हा अन्याय आपण किती दिवस सहन करायचा?" मी सुरुवात केली.

एक माजी हवालदार उठले. "दुसरा आदेश येईस्तोवर," म्हणाले आणि बसले. सभा हसली.

मी आवाज चढवला. "डेपोला आपण माणसं वाटत नाही का?"

"वाटतो की. दिवाळीला सायबांनी नमस्कार केला हुता," मागून एक मावशी उभी राहून म्हणाली.

तिथंच थांबायला हवं होतं. पण भाषण पाठ केलं की ते घोड्यासारखं पुढं पळतं. मी ठेवणीतला प्रश्न काढला, "मग आपल्या लेकींनी शिकायचं सोडून द्यायचं का?"

आबा उठले. टोपी नीट केली. "व्हय," म्हणाले. "गाडी न्हाई तर सोडायचं. आमच्या घरातनं उद्यापास्नं बंद."

कुणी हसलं नाही. त्यांची नात बायकांच्यात बसली होती, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आमच्याकडं घरात बोललेलं फिरवता येतं. भर सभेत उभं राहून दिलेलं उत्तर फिरवायचं म्हणजे पेन्शन परत करण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या परसात आली ती भांडायलाच.

"आबा अजून इचारच करत हुते," ती म्हणाली. "तू भर सभंत इचारलंस आन त्यास्नी बोलाय लावलंस."

"अगं, तो उत्तरासाठी प्रश्न नव्हता."

"मग कशाला इचारलास? जीभ खाजत हुती व्हय?"

मला राग आला, तो तिचा नाही. 'नाही' म्हणवून घेण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाला 'व्हय' म्हणणाऱ्या गावाचा आला, आणि गाडी बंद करून शांत बसलेल्या डेपोचा त्याहून आला. मग आम्ही दोघी तिथंच बसून गाडीचा विषय उलगडत गेलो. गाडी रिकामी का धावायची? तर बंद करण्याआधी डेपोनं तिची वेळ बदलली होती. पूर्वी ती साडेपाचला सुटायची, मग सव्वाचारला सुटायला लागली. हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण एका वाक्यात कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. मी अन्याय, अन्याय, अन्याय करत बसले होते.

गावानं अर्ज केला, डेपोचे साहेब पुढच्या सभेला आले. गाव उत्तर दिल्याशिवाय राहत नाही ना? मग देऊ दे. या वेळी भाषण पाठ केलं नाही. फक्त प्रश्नांचा क्रम लावला.

साहेब आधी बोलले. बसायला माणूस नाही तर महामंडळानं हवा वाहून न्यायची का, असं त्यांनी विचारलं. हवालदार उठायला लागले, मी हातानं थांबवलं.

मग मी उभी राहिले आणि साहेबांकडं पाठ करून गावाला विचारलं, "आपली गाडी साताऱ्याहून कधी सुटायची?"

"साडेपाचला," कंडक्टरांशी रोज भांडणारी मावशी उठून म्हणाली.

"मग कधी सुटायला लागली?"

"सव्वाचारला."

"कॉलेज कधी सुटतं?"

पोरी एकदम उभ्या राहिल्या. "पाचला."

"कंपनीची शिफ्ट?"

"पाचलाच," मागच्या रांगेतली माणसं म्हणाली.

"मग सव्वाचारच्या गाडीत कोण बसायचं?"

"कोण न्हाई," हे सगळं गाव मिळून म्हणालं.

एक प्रश्न उरला होता. तो माझ्या जिभेवर होता आणि फार देखणा होता. तो मी गिळला आणि खाली बसले. भाषणाच्या धंद्यात मला सगळ्यात अभिमान कशाचा वाटत असेल तर त्या बसण्याचा.

मग आबा उठले. "सायेब," ते म्हणाले, "गाडी रिकामी आमी केली का तुमी?"

साहेब बसल्या बसल्या कागद चाळायला लागले. आबा उभेच. हवालदार उभे राहिले. मग अख्खी माजी फौज उभी राहिली. शेवटी साहेबही उठले आणि म्हणाले, "वेळ बदलताना कॉलेजचं बघितलं गेलं नाही. सोमवारपासून साडेपाचला सोडतो."

"बरं," आबा म्हणाले. पण बसले नाहीत. गावाकडं वळले. "आन आमच्या नातीचं कॉलेज सोमवारपास्नं चालू. कुणी इचारलं न्हाई, तरी सांगतो."

मी आतापर्यंत पुष्कळ सभा ऐकल्यात, माईक तोडणारे वक्तेही ऐकलेत. भर सभेत आपलं उत्तर स्वतःहून बदलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तो आमच्या गावात आहे, आमच्या शेजारी राहतो.

सोमवारी गाडी सुटली आणि सुटतेच आहे. नात आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा पुन्हा तणतणत आली, साडेपाचच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, जादा गाडी पाहिजे म्हणून.

"भाषण तू कर," मी म्हटलं.

"करते की," ती म्हणाली, आणि गाडीत कोण कुठनं चढतं ते सांगायला लागली.