द्वारकाबाईंनी शिवलेली पानं

आशाबाईंच्या प्रबंधिकेचं दुसरं प्रकरण त्यांचे मार्गदर्शक केशवराव सरांनी परत दिलं, तेव्हा त्यावर लाल शाईचे एकोणीस गोल होते आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच शब्द होता, 'कुठून?'

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. आशाबाई मूळच्या पिशोरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. करमाडच्या शाळेत शिकवायच्या आणि पस्तिशीला टेकल्यावर त्यांनी एम.फिल.ला नाव घातलं होतं. विषयही स्वतःच निवडला होता, निजामाच्या काळातले कन्नड तालुक्यातले आठवडी बाजार.

"तुमच्या आजीनं सांगितलेलं मला पटतं हो," सर म्हणाले. "पण परीक्षकाला पुस्तकाचं नाव लागतं, पान लागतं. तुम्ही हे वाचलंत कुठं?"

आशाबाईंनी पिशवीतून सात वह्या काढल्या. दोन वर्षं दर शनिवारी करमाडहून एस.टी.नं शहरात येऊन, शहागंजाजवळच्या एका जुन्या ग्रंथालयात बसून त्यांनी त्या भरल्या होत्या. मजकूर भरपूर होता. तो कुठून घेतला, ते मात्र निम्म्या ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं. एका जागी नुसतं होतं, 'हिरवं पुस्तक, खालचा कप्पा.' सर हसले नाहीत, पण वहीही त्यांनी पुढे उलटली नाही.

त्या सगळ्या गोंधळात एकच दाखला पक्का होता. कुणाच्या तरी जुन्या प्रबंधाच्या तळटिपेत त्यांना तो सापडला होता. कन्नड तालुक्याची बाजार-पाहणी, पान सत्तेचाळीस. हे पुस्तक हाती लागलं तर अर्ध्या गोलांची उत्तरं मिळणार होती. ग्रंथपाल श्रीधररावांनी दोन शनिवार त्यासाठी घालवले. कार्डांचे खण उपसले, माळ्यावर शिडी लावली, दाखल-नोंदवही पहिल्या पानापासून पाहिली. शेवटी हात झटकत म्हणाले, "नोंद आहे, पुस्तक नाही. गेलं म्हणायचं."

आशाबाईंचा धीर सुटला. हातातलं एक पुस्तक मोडकळीला आलं होतं, ते बांधणीला टाकून घरी जावं म्हणून त्या मागच्या खोलीकडे गेल्या.

खोलीत खळीचा आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात घातलेल्या मोरचुदाचा वास होता. जमिनीवर पाट घेऊन द्वारकाबाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, पडेगावहून रोज चालत येणाऱ्या. तीस-पस्तीस वर्षं त्या इथं पुस्तकं शिवत होत्या. आशाबाईंनी त्यांना दोन वर्षांत अनेकदा पाहिलं होतं, पण बोलायची वेळ कधी आली नव्हती.

"बाई, तोंड का उतरलं तुमचं?" द्वारकाबाईंनी सुईवरून नजर न काढता विचारलं.

आशाबाईंनी सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं.

द्वारकाबाईंचा हात थांबला. "कन्नडच्या बाजाराचं म्हंता? पातळ व्हतं ते. निळं कव्हर, वरचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. एकलं बांधावं एवढी जाडीच नव्हती त्याला. मंग पावसाच्या पुस्तकात शिवलं."

"कुठल्या पावसाच्या?"

द्वारकाबाई उठल्या. आशाबाई त्यांच्या मागोमाग निघाल्या. मधल्या दालनात, खिडकीकडच्या कपाटात पर्जन्यमानाच्या नोंदींचे सात खंड एकाच रंगाच्या पुठ्ठ्यात ओळीनं उभे होते. पाठीवरची सोनेरी अक्षरं द्वारकाबाईंनी वाचली नाहीत. त्यांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी एकेका खंडाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि पाचव्यावर थांबल्या.

"ह्यो. हितं दोरा दुहेरी लागला."

आशाबाईंनी खंड मांडीवर घेऊन मधोमध उघडला. पावसाचे तक्ते संपले आणि पुढच्या पानाला वरचा कोपरा नव्हता. खाली इंग्रजीत छापलेलं होतं, कन्नड तालुक्यातील बाजारांची पाहणी. दालनात त्यांच्या मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, ते त्यांना ऐकूच आलं नाही. खणांत नाही, नोंदवहीत नुसतं नाव, श्रीधररावांच्या मते गेलेलं, आणि ह्या बाईच्या अंगठ्यात मात्र ते इतकी वर्षं होतं.

"मावशी, तुम्हाला नाव कसं ठाऊक? तुम्ही तर…"

"वाचता येत नाय मला, व्हय." द्वारकाबाई कपाटाला टेकून खालीच बसल्या. "निजाम गेला, त्या पोलिस ॲक्शननंतर कचेऱ्यांतनं गोणपाटं भरभरून कागद आले. मी तवा नवी लागले व्हते. माझा उस्ताद मोठा कडक माणूस. पुस्तक हातात द्यायच्या आदी त्याचं नाव वाचायचा, माझ्याकडनं दोनदा वदवून घ्यायचा. 'पहले नाम, फिर सुई,' म्हणायचा. नाव चुकलं तर सुई घालू द्यायचा नाय. मंग ध्यानात राहतंच की."

"सगळी?"

"आता सगळी कशी सांगू? पण लई हायेत."

आशाबाईंनी सत्तेचाळिसावं पान काढलं. पिशोरचा बाजार होता तिथं. दोरखंडवाले किती, कासार किती, कुंभार किती, सगळं मोजलेलं. शेवटच्या रकान्यात विकायला बसलेल्या बायका वेगळ्या मोजल्या होत्या. एकूण एकसष्ट. त्यांत गूळ विकणाऱ्या नऊ. आशाबाईंनी आपल्या प्रकरणात एका पुस्तकाच्या भरवशावर ठासून लिहिलं होतं, की त्या काळी बायका बाजारात विकायला बसत नसत. सरांनी त्या वाक्याभोवती गोल केला नव्हता, कारण त्याला दाखला होता. म्हणजे दाखल्यासकट ते चूक होतं. हे कळल्यावर खरं तर वाईट वाटायला हवं होतं, सबंध प्रकरण नव्यानं लिहायचं होतं. पण त्या बराच वेळ त्या नऊ बायकांच्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिल्या. आपल्याच गावच्या बायका, कुणीतरी उन्हात उभं राहून मोजलेल्या.

त्या संध्याकाळी वह्यांची अवस्था पाहून द्वारकाबाईंनी एक शिवायला घेतलेलं पुस्तक उसवून दाखवलं. सोळा-सोळा पानांच्या घड्या सुट्या झाल्या. "ह्याला फर्मा म्हंत्यात. बगा, परत्येक फर्म्याच्या पायाशी बारका आकडा. सगळे उधळले तरी वळीनं लावता येत्यात. तुमच्या कागदाला पाय कुठं हाय?"

मग पुठ्ठा कापताना उरलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा त्यांनी आशाबाईंना दिला. आशाबाईंनी उन्हाळ्याची सुटी त्यात घातली. एका पट्टीवर एकच पुस्तक, त्याचं नाव, लेखक, साल, कपाट, आणि पायाशी क्रमांक. वहीतल्या प्रत्येक उताऱ्यापुढे तो क्रमांक आणि पान. ज्याचा ठाव लागेना, तो उतारा त्यांनी काढून टाकला. हिरवं पुस्तक मात्र द्वारकाबाईंनी लगेच ओळखलं. खालच्या कप्प्यातलं हिरवं एकच होतं आणि त्याचा पुठ्ठा त्यांनीच दोनदा बदलला होता.

पुढच्या फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, मोजकं बोलणारे. संदर्भसूचीवरून बोट फिरवत ते एका ओळीपाशी थांबले.

"ही बाजार-पाहणी तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"हो सर."

"मी वीस वर्षांपूर्वी हैदराबादला शोधली होती. नाही मिळाली." त्यांनी चष्मा काढला. "मला दाखवाल?"

परीक्षा आटोपल्यावर केशवराव सर, परीक्षक आणि आशाबाई रिक्षानं ग्रंथालयात गेले. परीक्षकांनी पाचवा खंड उभ्याउभ्याच पाहिला. मग तो कुणी शोधून दिला ते ऐकून मागच्या खोलीच्या दाराशी चपला काढल्या आणि आत जाऊन द्वारकाबाईंसमोर जमिनीवर बसले. द्वारकाबाई संकोचून पदर सावरू लागल्या.

"आणखी काय काय आहे अशा पुस्तकांच्या पोटात?" परीक्षकांनी विचारलं.

"विचारा की. आठवंल तसं सांगते."

त्यांनी तीन नावं विचारली. दोन द्वारकाबाईंनी जागेसकट सांगितली. तिसऱ्याला म्हणाल्या, "हे माझ्या हातनं गेलं नाय." श्रीधरराव दारात उभे राहून ऐकत होते. माणूस मनाचा मोकळा. म्हणाले, "आशाबाई, पुढचे काही शनिवार देता का मला?"

सहा महिने गेले त्यात. द्वारकाबाई कपाटांवरून अंगठा फिरवत चालायच्या आणि नाव घ्यायच्या. आशाबाई खंड उघडून पडताळायच्या. श्रीधरराव त्याचं कार्ड टाइप करायचे. एका जाड खंडापाशी द्वारकाबाई अडल्या. "ह्यात हाय कायतरी, पण नाव आठवंना. त्या आठवड्यात मालक वारले व्हते माझे." आशाबाईंनी तो हळूच उघडून नाव वाचून दाखवलं आणि द्वारकाबाई पुढच्या कपाटाकडे गेल्या.

दिवाळीपर्यंत एकशे त्रेसष्ट नवी कार्डं झाली. डिसेंबरात परभणीहून एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. टोळधाडीवरचा कुठलासा जुना अहवाल आहे का, म्हणून. श्रीधररावांनी खण ओढला, नव्यांतलं एक कार्ड काढलं. मिनिटभरही लागलं नाही. ते समोर ठेवून त्यांनी पत्राचं उत्तर लिहायला घेतलं. मागच्या खोलीतून पुठ्ठा कापल्याचा आवाज येत होता.