कानबाईचे रोट आणि ओला कचरा

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीचा पत्ता सांगायची पद्धत सोपी होती. मोठ्या कचरापेटीपाशी उतरायचं आणि उजवीकडे वळायचं. धुळ्याहून, अमळनेरहून येणारे पाहुणे पेटीचा वास आला की रिक्षातच पिशव्या सावरायला लागायचे. पेटी लोखंडी होती, हत्तीच्या पिल्लाएवढी, आणि तिच्यात काय टाकावं याबद्दल कोणाची काही अट नव्हती. मेथीची देठं, सुताचा गुंता, फुटका माठ, साडीच्या काठाच्या चिंध्या, सगळं एकत्र नांदायचं. आमच्या गल्लीत एवढी एकी दुसरीकडे कुठे दिसली नाही.

मग एका सकाळी पेटी गेली. त्यानंतर आलेले आमचे एक मामा पुढच्या गल्लीत शिरले आणि अनोळखी घरात चहा पिऊन, तब्येतपाण्याची चौकशी करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही आपली बहीण नव्हे.

पेटीच्या जागी आता गाणं वाजवत दारोदार फिरणारी गाडी येणार होती, आणि गाडी येणार म्हणजे तिचं उद्घाटन होणार. मंडप पडला, लाल फीत आली. गाडीला एवढे हार घातले की ड्रायव्हरला समोरचं दिसेना. मुख्य पाहुणे उशिरा आले आणि उशिराची भरपाई लांब भाषणाने केली. "कचरा कचरा नहीं है, संपत्ति है," असं ते म्हणाले तेव्हा माझ्या मागे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मग घरी लई जाय ना भो. आम्ही कोठे नही म्हणतस?"

समारंभ संपला तेव्हा खाली हार, पाण्याच्या बाटल्या आणि फाफड्याचे तेलकट कागद पडले होते. गाडीला ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन वेगळे कप्पे होते. कार्यकर्त्यांनी ते सगळं गोळा करून जो कप्पा जवळ होता त्यात ढकललं.

त्याच मंडपात प्रत्येक गल्लीसाठी एक 'स्वच्छता मित्र' नेमण्यात आला. आमच्या गल्लीत तो मान आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना मिळाला. आप्पा जन्मभर उधन्याच्या कारखान्यात लूमची दुरुस्ती करत आले होते आणि नुकतेच घरी बसले होते. त्यांना एक हिरवी टोपी आणि एक शिट्टी देण्यात आली. निवृत्त माणसाच्या हाती शिट्टी देऊ नये, हे कुठल्याही सरकारला कसं सुचत नाही कोण जाणे.

घरोघरी हिरवा आणि निळा असे दोन डबेही वाटले होते. पण झाकणाचा नवाकोरा डबा कचऱ्याला द्यावा हे गल्लीतल्या एकाही बाईला पटलं नाही. हिरव्यात बाजरी गेली, निळ्यात कुरडया. कचरा पूर्वीसारखाच एका पिशवीत बांधून गाडीत भिरकावला जाई. आप्पा शिट्टी फुंकत, बायका म्हणत, "हो आप्पा, उद्यापासून." आप्पा हिरमुसून घरी येत आणि सगळा उत्साह आमच्यावर काढत. चहाचा चोथा ओला, दुधाची पिशवी सुकी, आणि पिशवीतला उरलेला थेंब ओला. माय त्यांच्याकडे बघून म्हणायची, "लूम बंद पडनं, तुम्ही नही पडनात."

अशात श्रावण आला आणि कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कानबाई बसवतो. नारळाला देवीचं रूप देतो, रात्र जागवतो, सोमवारी तिला तापीत पोचवतो. तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट असतात. ते फक्त घरच्या भाऊबंदांनी खायचे. परक्याला घास द्यायचा नाही, चुरा उंबऱ्याबाहेर पडू द्यायचा नाही. रोट खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीही पातेल्यात धरतात आणि चुऱ्यासकट मातीत खड्डा करून पुरतात. गावी परसात खड्डा काढायचा. सुरतेत माय गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबाखाली काढायची. त्या वर्षी मात्र कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत पेवर ब्लॉक बसले होते. गल्ली फारच सुंदर दिसत होती, फक्त तिच्यात माती उरली नव्हती.

मायने तोड काढली. रोट संपले तसं तिने चुरा आणि पाणी पितळी पातेल्यात भरलं, वर ताटली झाकली आणि मोरीच्या कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोसाडला मावशीकडे न्यायचं होतं. मावशीच्या वसाहतीमागे अजून थोडी मोकळी जमीन होती.

सकाळी माय शेजारी गेली असताना गाडीचं गाणं वाजलं. आप्पांनी टोपी घातली. कर्तव्याच्या घाईत त्यांना मोरीत झाकलेलं पातेलं दिसलं. झाकण काढलं तर आत भिजलेला चुरा.

माय परत आली तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

"पातेलं कोनी रितं करं?"

"मी," आप्पा अभिमानाने म्हणाले. "ओला कचरा व्हता. गाडीम्हा टाकी दिना."

माय भिंतीला टेकली.

"कचरा? कानबाईना रोट तुम्हले कचरा दखायना?" मग हळूच म्हणाली, "आते पुढला साले ती आपला घर कसाले यी?"

आप्पांचा चेहरा उतरला. आपण काय केलं ते त्यांना आता कळलं होतं. देव रागावतो की नाही याबद्दल माझी मतं पुस्तकी आहेत, पण मायची तशी नव्हती. तिचं सासर सुटलं, शेत सुटलं, भाषा अर्धी सुटली. दरवर्षी न चुकता गावाहून इथवर येणारी ती एकच पाहुणी होती.

"चला," मी म्हणालो.

समोरच्या खोलीत परभणीकडचा एक रिक्षावाला राहायचा. त्याने कारण ऐकलं आणि रिक्षा काढली. बोलला ते पुढच्या वळणावर.

"काकू, पोलिसानं चोराचा पाठलाग केलेला बघितलाय. कचऱ्याच्या मागं म्या पहिल्यांदाच पळायलोय."

"गाणं कोठून ऐकू येस ते दख," माय म्हणाली.

"ऐकायलोय ना. आप्पा, टोपी तेवढी नीट घाला. सिग्नलवर कुणी अडवलं तर सरकारी काम म्हणून सांगू."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

गाणं कधी डावीकडून येई, कधी उजवीकडून. शेवटी एका चिंचोळ्या गल्लीत गाडी सापडली. माय रिक्षा थांबायच्या आत उतरली आणि थेट ओल्या कप्प्याशी जाऊन वाकली.

"अरे मासी, हाथ मत डालो अंदर!" ड्रायव्हर धावत आला. तो बिचारा सुरतेकडचाच गुजराती होता. त्याला कानबाई ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी हिंदीत, माय तिच्या हिंदीत आणि रिक्षावाला हातवारे करून, असं आम्ही त्याला समजावलं. त्याने टोपी हातात धरलेल्या आप्पांकडे पाहिलं, कप्प्यात पाहिलं आणि हळहळत मान हलवली.

"ए तो हवे नई मळे, मासी."

आता ते सापडणार नव्हतं, हे खरंच होतं. वर पाच-सहा गल्ल्यांची भाजीची सालं पडली होती. मायने डोळे पुसले आणि विचारलं, "ये लेके जाके क्या करते इसका?"

"खातर बने छे. खाद. फिर बगीचे में, झाड में डालते हैं."

"मिट्टी में?"

"मिट्टी में ही, मासी. और कहाँ?"

माय विचारात पडली. खड्डा मोठा होता, लांब होता, दुसऱ्याने खणलेला होता, पण होता मातीतच. आणि माती काही परकी नव्हे.

तेवढ्यात तिची नजर पुन्हा कप्प्यात गेली. सालांमधून नायलॉनच्या चिंध्या, गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल डोकावत होती.

"और ये? इसकी भी मिट्टी बनती?"

"नई बने," ड्रायव्हर म्हणाला. "ये अंदर रहेगा तो पूरा माल बेकार. लोग सुनते नहीं, मासी."

"सुनते नहीं?" मायने पदर खोचला.

पुढची अर्धी सकाळ मी जन्मात विसरणार नाही. ड्रायव्हरने लांब आकडी दिली. तिने आप्पांकरवी ती चप्पल, चिंध्या आणि पुड्या एकेक करून बाहेर काढवल्या आणि सुक्या कप्प्यात टाकवल्या. मग उरलेल्या सगळ्या गल्ल्यांमधून ती गाडीच्या मागे चालली. दारात पिशवी दिसली की विचारायची, "काय शे आत? सोडी दखाड." आणि लगेच सांगायची, "यामा कानबाईना रोट शेतस. तिना अंगवर चिंध्या टाकशी?"

खानदेशी घरांत एवढं पुरलं. बायका घाबरून पिशव्या सोडायला लागल्या. ज्यांना कानबाई माहीत नव्हती, त्यांनाही कोणीतरी देवी आत बसलीय एवढं कळलं आणि कप्प्यावर चार ठिकाणांहून हात जोडले गेले. एका बाईने घाईघाईने हिरव्या डब्यातली बाजरी परातीत ओतली आणि डबा पुसून दारात ठेवला. मंडप, फीत, भाषण आणि शिट्टी यांना जे जमलं नव्हतं ते असं झालं.

घरी येताना आप्पा एकदाच बोलले. "मीच ते गाडीम्हा टाकं, म्हणून हाई व्हयनं ना?"

"गप बसा," माय म्हणाली. पण तिच्या आवाजात धार नव्हती.

पुढच्या श्रावणात कानबाई आली. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, कोणतीही नाराजी न दाखवता. सोमवारी तापीवर निरोप झाला, रोट संपले आणि मंगळवारी गाडीचं गाणं वाजलं. माय स्वतः पातेलं घेऊन बाहेर आली. ड्रायव्हरने तिला पाहिलं आणि गाणं बंद केलं. तिने ओल्या कप्प्यात नीट निरखून पाहिलं, मग सावकाश पातेलं रिकामं केलं आणि हात जोडले.

"मासी, प्रसाद?" ड्रायव्हरने विचारलं.

"रोट नहीं मिलते बाहरवाले को. खीर है, खाएगा?"

तो पायरीवर बसून खीर प्यायला. गल्लीतल्या बायका डबे घेऊन मागे थांबल्या होत्या, हिरवा एका हातात, निळा दुसऱ्या. आप्पा टोपी घालून दारात उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडाजवळ नेली. मायने नुसतं वळून पाहिलं, तशी त्यांनी ती खिशात ठेवली आणि तिच्या हातातलं पातेलं घासायला घेतलं.