आठशेची रेघ

देविदास राठोड सेनगावच्या कॉलेजात मैदानावर फक्की मारतो, म्हणजे पळायच्या पट्ट्या पांढऱ्या पावडरीनं आखतो. दहा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या स्पर्धेला इथून तीस पोरं जायची आणि पोरगी एकच, त्याची पुतणी मिना. ती सलवारीत पळायची, शेवटून पहिली यायची, पण पंधराशे मीटर पुरं करायची. आता पोरं पोलीस भरतीसाठी सडकेवरच पळतात आणि मैदानावर बावीस पोरी येतात. ‘मुली आघाडीवर’ असं पेपरात छापूनही आलं. देविदासनं ते कात्रण खिशात जपलं.

परवा विद्यापीठाच्या संघासाठी निवड होती. पंधराशेत त्याची लेक दिपा सगळ्यांच्या पुढं होती. आठशे मीटरच्या रेघेवर ती थांबली आणि तिनं घड्याळ पाहिलं. मागच्या पोरीही तिथंच थांबल्या.

"काहून थांबली गं?"

"बा, पोलीस भरतीला पोरींना आठशेच असतंय. पुढं दम कशाला घालवू?"

ती रेघ देविदासनंच त्यांच्या सरावासाठी मारली होती. संध्याकाळी त्यानं ती पायानं पुसली.

सकाळी पोरी विचारू लागल्या, "काका, आमची रेघ कुठं गेली?"

देविदासनं फक्कीचा डबा उचलला आणि तो पुसलेल्या रेघेकडं निघाला.