पडवीतलं वारूळ

द्वारकाबाईंच्या घराला वाळवी लागली आहे, हे गल्लीत सगळ्यांच्या आधी द्वारकाबाईंनाच कळलं होतं, आणि सगळ्यांच्या शेवटी मान्य केलं तेही त्यांनीच. बाई तशा हट्टी. मुकुंदवाडीत भाजीवाल्यालाही ते ठाऊक आहे. पण या हट्टामागं दुःख होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाई मूळच्या पिशोरच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन शहरात आल्या. नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता, तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माहेरी पाठचा एकच भाऊ, कृष्णा. नागपंचमीच्या दोन दिवस आधी तो मुऱ्हाळी म्हणून बहिणीला न्यायला यायचा. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही. एका साली रस्ता वाहून गेला तर निम्मी वाट चालत आला. बाई साठीला टेकल्या, नात झाली, तेव्हा त्यांनी त्याला म्हटलंही होतं की आता कशाला हेलपाटा घालतोस, माझी मी येईन. तेव्हा तो म्हणाला होता, "न्यायला कुणी नाय म्हणून आपली आपण आली, असं कुणी म्हणाया नको, आक्का. मी हाये तवर तू एकटी यायची नाय."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कृष्णा गेला. शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. त्या साली पंचमीच्या आधी बाईंनी सवयीनं पिशवी भरली आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिल्या. न्यायला कोणी आलं नाही. संध्याकाळी पिशवी रिकामी केली, लुगडी परत घडीवर ठेवली. त्याच आठवड्यात मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी, मातीचा ओला उंचवटा वर आला.

पंचमीला बायका नागाला भाऊ मानून वारुळाला जातात, भावाचा उपवास धरतात. इथं वारूळच चालत घरी आलं होतं. बाईंनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं, लाह्या ठेवल्या, आणि मनातल्या मनात म्हणाल्या, आलास बाबा. वेडेपणा म्हणा हवं तर. पण ज्याची वाट पाहून डोळे दुखतात, तो कुठल्या रूपात आला हे माणूस फार तपासत नाही.

बाईंच्या लग्नात कृष्णानं सुताराकडून पाटांची जोडी करून घेतली होती. लाल रंगाचे, कोपऱ्यांवर पितळी फुल्या. एक बाईंबरोबर आला, एक पिशोरला राहिला. भाऊबीजेला कृष्णा इथं आला की त्याच पाटावर बसायचा. आता बाईंनी तो पाट वारुळासमोर, भिंतीला टेकवून मांडला. आलेल्याला उभं कसं ठेवायचं?

चार वर्षं गेली. वारूळ कमरेएवढं झालं. भिंतीवरून मातीच्या रेघा चढल्या, खिडकीची चौकट फुगली. मुलगा ऋतुराज औषध मारू म्हणायचा, तर बाई जेवण सोडायच्या. शेवटी गेल्या आषाढात सून प्रेरणानं पडवीचं दार ओढलं आणि दार बिजागऱ्यांसकट निखळून खाली आलं. पाच वर्षांची अपेक्षा तिथंच खेळत होती. दार तिच्यापासून वीतभर अंतरावर पडलं. प्रेरणा सासूला एका शब्दानं बोलली नाही. नुसती पोरीला पोटाशी धरून बसली. ते बाईंना बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनीच ऋतुराजला सांगितलं, माणूस बोलव.

चांदपाशा आला. पंचवीस वर्षं वाळवी मारण्याचंच काम करणारा, शांत माणूस. पेचकसाच्या मुठीनं लाकडावर टकटक करायचा आणि कान देऊन ऐकायचा. चौकट पोकळ, फळी पोकळ, एक तुळई तेवढी भरीव. भिंतीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडावं लागेल, म्हणाला. मग कोपऱ्यात आला आणि हळद-कुंकू बघून दोन पावलं मागं सरला.

"मावशी, पूजेच्या वारुळाला मी आधी हात लावत नाय," तो म्हणाला. "घरच्या बाईनं आपल्या हातानं पूजा उचलली, की मग. पंचमी बारा दिवसांवर हाये. मी नंतर येतो म्हणलं तरी चालंल."

बारा दिवस. बाईंना ते हवेच होते. पण दारात दार नव्हतं, आणि अपेक्षा आईच्या कडेवरून खाली उतरायला तयार नव्हती. बाई वाकल्या. लाह्यांची वाटी उचलली, निरांजन उचललं. मग पाट उचलायला गेल्या, आणि त्यांचा अंगठा लाल रंगातून सरळ आत गेला.

पाट पापडासारखा मोडला. वरचा रंग तेवढा शाबूत होता, आत नुसती माती आणि वळवळणारी पांढरी वाळवी. चार पितळी फुल्या फरशीवर पडल्या. कृष्णाची म्हणून घरात एवढी एकच वस्तू होती.

"त्याला बसाया म्हणून मीच ठिवला व्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं खाऊ घातला."

चांदपाशानं फुल्या वेचल्या, रुमालानं पुसल्या आणि बाईंच्या हातावर ठेवल्या. बाईंनी त्याच्याजवळची पहार घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. आत कोणी नव्हतं. चाळणीसारखी ओली माती होती. मग मात्र त्या रडल्या, चार वर्षांचं एकदम रडल्या.

पंचमीच्या दोन दिवस आधी बाईंनी पिशवी भरली. कोणाची वाट पाहिली नाही. कन्नडमार्गे जाणाऱ्या गाडीत एकट्या बसल्या आणि पिशोरला उतरल्या. माहेरचं दार उघडंच होतं. कृष्णाची बायको करुणा चुलीपाशी लाह्या भाजत होती. नणंद दिसताच ती उठली आणि उभीच राहिली.

"आक्का, दर साली तुमच्यापुरत्या भाजते," ती म्हणाली. "न्यायला माणूस नाय, अन् मी रांडमुंड बाई मुऱ्हाळी कशी येऊ? तुम्ही रागावल्या असाल असं वाटायचं."

चार वर्षं इकडं बाई वाट बघत होत्या, अन् तिकडं ही. त्यांनी तिला जवळ घेतलं.

करुणानं आतून पाट आणला आणि भिंतीपासून हातभर लांब मांडला. तोच लाल, तशाच फुल्या, जोडीतला दुसरा. द्वारकाबाई लगेच बसल्या नाहीत. खाली वाकल्या, बोटाच्या पेरानं पाटावर टकटक केली आणि कान देऊन ऐकलं. आवाज भरीव आला. मग त्या बसल्या.